शंभर म्हणजे बंद

शनिवार, २ नोव्हेंबर

बॅग भरून झाली. कपड्यांची नव्हे, व्हॉल्व्हची. कपडे सकाळी हाताला येतील ते कोंबीन.

पुढे कधी ही वही वाचली तर सगळं आठवावं म्हणून आमच्या कारखान्याची हकीकत थोडक्यात लिहून ठेवते. कारखाना म्हणजे घराच्या तळमजल्यावरची एक खोली. नवरा मूळचा प्लंबर. पितळी व्हॉल्व्ह तोच लेथवर कातून काढतो. व्हॉल्व्ह फिरवणारी मोटर आणि तिचा प्रोग्रॅम भाऊजींचा, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा. भिंतीवर लावायचं बिनतारी बटण माझं. बटण दाबलं की निरोप हवेतून जातो, व्हॉल्व्ह ऐकतो, पाणी थांबतं. पहिला जोड सासूबाईंच्या न्हाणीघरात बसवला, त्याला दोन वर्षं झाली. अजून एकदाही चुकलेला नाही.

तरीही उद्या परीक्षेला निघालोय. नव्या इमारतींचे व्यवस्थापक आले होते. म्हणाले, "तुमचं बटण आणि तुमचा व्हॉल्व्ह गोडीगुलाबीने बोलतात, ठीक आहे. पण माझ्याकडे दिवे एका कंपनीचे, गळतीचे सेन्सर दुसऱ्या कंपनीचे. त्या सगळ्यांशी तुमचा व्हॉल्व्ह बोलला पाहिजे. जुळणीचा शिक्का आणा, काम तुमचं. नाहीतर मी मोठ्या कंपनीचा माल घेऊन मोकळा होतो."

हे काम नाही मिळालं तर खोली बंद करायची, असं तिघांनी जेवताना ठरवून टाकलंय. नवरा पुन्हा दुसऱ्यांच्या पाइपांखाली आडवा होईल, भाऊजी कुठेतरी लांब नोकरी धरतील. माझं काय, ते कोणी बोललं नाही. मीही नाही.

एका गोष्टीचा मात्र मला अभिमान आहे. आमच्यात वाद होत नाहीत. या यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलावं, त्या प्रोटोकॉलची चारशे पानांची नियमावली आहे. ती मी वाचली, भाऊजींना समजावली, त्यांनी तसं केलं. एकदाच त्यांनी विचारलं होतं, "वहिनी, शंभर म्हणजे नक्की उघडा ना?" म्हटलं, "अहो भाऊजी, नळ शंभर टक्के म्हणजे पूर्ण सोडलेला नळ. यात काय विचारायचं?" "बरं," म्हणाले. विषय संपला. असा दीर मिळायला नशीब लागतं.

रविवार, ३ नोव्हेंबर

पोचलो. सभागृह एवढं लांब आहे की दुसऱ्या टोकाला उभ्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. रांगेने टेबलं आणि प्रत्येक टेबलावर एकेक कंपनी. कुलपं, पंखे, पडदे सरकवणारी यंत्रं, दिवेच दिवे. आमच्यासमोर देशोदेशी माल विकणारी कंपनी बसली आहे. त्यांची सगळी मुलं एकसारख्या निळ्या शर्टात. उजवीकडे एक मुलगी आणि तिचे मामा, दोघांचीच कंपनी. पाण्याची गळती ओळखणारे, बिस्किटाएवढे सेन्सर करतात. मी मनात तिचं नाव गळतीवाली ठेवलंय.

पांढऱ्या केसांच्या पंचबाईंनी खुर्चीवर चढून तीन नियम सांगितले. एक, स्वतःचं यंत्र स्वतःच्याच यंत्राशी जोडून बघायचं नाही. दोन, चाचणी चालू असताना माणसांनी तोंड उघडायचं नाही. जे सांगायचं ते यंत्राने सांगावं, समजावून द्यावं लागलं तर नापास. तीन, इथे कोणाचं काय फसलं ते दाराबाहेर न्यायचं नाही.

"म्हणजे हे माझ्यासारख्या बोलक्या बाईला मुद्दाम छळायला ठेवलंय," मी भाऊजींच्या कानात म्हटलं.

"मला काही त्रास नाही," ते म्हणाले.

मग पंचबाईंनी भिंतीवरचा मोठा पडदा सुरू केला. हवेत चाललेलं सगळं बोलणं त्यावर दिसतं. एक निरोप म्हणजे एक ठिपका. आधी दोनचार ठिपके उमटले, मग मोहरी तडतडावी तसा सगळा पडदा उजळून निघाला. आणि सभागृहात चिडीचूप शांतता! त्याच हवेत मी श्वास घेत होते. माझ्या कानांजवळून, केसांतून, पर्समधून शेकडो निरोप जात होते. कुलूप सांगत होतं मी लागलेलं आहे, दिवा म्हणत होता मी जागा आहे, कोणी कोणाला पोच देत होतं. आणि मला साधी झुळूकही जाणवत नव्हती. वर्षानुवर्षं हेच काम करते, पण आज पहिल्यांदा ते डोळ्यांनी पाहिलं. तोंड उघडं राहिलं होतं, हे भाऊजींनी सांगितल्यावर कळलं.

सोमवार, ४ नोव्हेंबर

आज नुसती ओळखपाळख. आपलं यंत्र परक्या कंपनीच्या जाळ्यात सामील होतं का, एवढंच बघायचं होतं.

निळ्यांच्या जाळ्याने आमच्या व्हॉल्व्हला विचारलं, तू कोण? व्हॉल्व्हने आपला दाखला पुढे केला. जाळ्याने त्यावरची सही तपासली, मग एक कोडं घातलं. खरा असशील तरच हे सोडवशील. व्हॉल्व्हने सोडवलं. दोघांनी मिळून एक गुपित किल्ली बनवली, जी ना मला ठाऊक ना त्या निळ्या मुलांना. पडद्यावर हिरवा ठिपका आला. घरच्या लेथवर कातलेला आमचा पितळी गडी त्या भल्यामोठ्या कंपनीच्या पंगतीत जाऊन बसला, आणि कोणी त्याला कुठून आलास म्हणून हिणवलं नाही. डोळ्यांत पाणी आलं. चष्मा पुसायचं निमित्त करून मी खाली बघितलं.

भाऊजी दुपारभर गळतीवालीच्या टेबलाशी होते. तिचा सेन्सर एका चपट्या बॅटरीवर कैक वर्षं चालतो, म्हणे. जवळजवळ सगळा वेळ झोपलेला असतो. मधूनच पापणी लवावी तेवढा जागा होतो, शेजारच्या दिव्याला विचारतो, माझ्यासाठी काही निरोप? दिव्याने जपून ठेवलेला असला तर घेतो आणि पुन्हा झोपतो. हे सगळं भाऊजी मला जेवताना सांगत होते. आजवर दिव्यांबद्दल एवढं उत्साहाने कधी बोलले नव्हते. शिकण्याची हौस दांडगी.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

लिहू नये असं वाटतंय, म्हणूनच लिहिते.

पाण्याच्या चाचण्या होत्या. वरती पंपाने सतत भरत राहणारी छोटी टाकी, मधे आमचा व्हॉल्व्ह, खाली टब. व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवलेला. गळतीवालीने चमच्याने चार थेंब सेन्सरवर सोडले. सेन्सर जागा झाला, त्याने पाणी थांबवायचा निरोप पाठवला, आकडा शंभर. आमच्या व्हॉल्व्हने तत्काळ पोच दिली आणि तो घरघरत पूर्ण उघडला.

टब भरला, वाहिला. पाणी टेबलावरून सेन्सरवर आलं. सेन्सर बिचारा जिवाच्या आकांताने पुन्हा शंभर, पुन्हा शंभर सांगत राहिला, आणि आमचा गडी इमानाने प्रत्येक वेळी पोच देऊन आणखी ताठ उघडा. मामांनी पाय वर घेतले. निळी मुलं आपल्या वायरी छातीशी धरून खुर्च्यांवर चढली. आणि बोलायचं नाही! मी दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी. शेवटी पंचबाईंनी पंपाची पिन उपसली.

माझा पहिला विचार असा, की त्या मुलीचा सेन्सर चुकीचा आहे. मग निळ्यांचा रिमोट लावला. त्यांनी 'बंद' दाबलं, व्हॉल्व्ह उघडला. म्हटलं, यांचंही चुकलंय. मग तिसऱ्या टेबलाचा लावला, तेव्हा मात्र माझा चेहरा उतरला. सगळं जग एकाच वेळी चुकत नसतं.

पंचबाईंनी नियमावली उघडून बोट ठेवलं. दोनशे काहीतरी पानावर सरळ साध्या शब्दांत लिहिलंय, आकृतीसकट. आकडा वाट किती अडवली ते सांगतो. शून्य म्हणजे मोकळी, शंभर म्हणजे पूर्ण बंद. मी आधीच्या प्रकरणात 'शून्य ते शंभर' एवढं वाचलं, मला कळलं असं वाटलं, आणि पुढची पानं चाळली.

"पण घरी आमचं बटण आणि आमचा व्हॉल्व्ह दोन वर्षांत एकदाही चुकले नाहीत हो," मी म्हटलं.

"कसे चुकतील?" पंचबाई म्हणाल्या. "दोन्हीकडे चूक तीच. तुमच्या घरात तीच भाषा झाली. अशी टेबलं मी दरवर्षी बघते, बाई. एकाच माणसाने वाचून दोघांना सांगितलेली."

शुक्रवारपर्यंत सुधारून आणा, म्हणाल्या. त्या दिवशी शेवटची चाचणी.

संध्याकाळी चहा घेत बसलो होतो. भाऊजींनी लॅपटॉप उघडला, एका ठिकाणी 'नाही'चं 'हो' केलं आणि मिटला.

"एवढंच?"

"जागा ठेवली होती, वहिनी. पहिल्या वर्षीच. समजा उलटं करावं लागलं तर."

"मग तेव्हाच बोलायचं नाही का, भाऊजी?"

"बोललो होतो. तुम्ही म्हणालात, यात काय विचारायचं."

मी असं म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. पण दूरदृष्टीची मात्र कमाल आहे त्यांच्या. नव्या प्रोग्रॅमची परीक्षा उद्या करूच. मी माझ्या बटणाचंही तसंच उलटं केलं आणि दोन्ही प्रोग्रॅम इंटरनेटवरून यादीतल्या व्हॉल्व्हला आणि बटणाला पाठवूनही दिले. तेवढंच एक काम कमी.

बुधवार, ६ नोव्हेंबर

यादीत एक व्हॉल्व्ह नव्हता. दोन होते. दुसरा सासूबाईंच्या न्हाणीघरातला.

सकाळी नवऱ्याचा फोन. मागून धबधब्यासारखा आवाज.

"अगं, काय केलंस? आई न्हाणीत आहे. साबण लावलाय. आधी 'चालू' दाबलं तर पाणी येईना, चिडून 'बंद' दाबलं तर धो धो सुटलं, आता 'बंद' दाबतेय तर थांबत नाही!"

मला क्षणात लख्ख दिसलं. व्हॉल्व्ह रात्रीतून नवी भाषा शिकला होता. बटण मात्र बॅटरीवरचं, झोपलेलं, ते अजून जुनीच बोलत होतं. त्याच्यासाठी पाठवलेले नव्या प्रोग्रॅमचे तुकडे व्हॉल्व्हपाशी थांबून राहिले होते, बटण उठेल तेव्हा देऊ म्हणून. आणि बटण उठतं ते फक्त दाबल्यावर.

"त्यांना सांग, दाबत राहा म्हणावं! 'बंद'च दाबा!"

"ती काय माझ्या सांगण्याची वाट बघतेय? ती केव्हाची बडवतेय त्याला!"

सासूबाई रागाने दाबत सुटल्या होत्या. प्रत्येक दाबाला बटण दचकून जागं होई, एक तुकडा उचली आणि पुन्हा झोपे. फोनवर ते टकटक ऐकू येत होतं. मी आणि भाऊजी श्वास रोखून. मग एकदम पाण्याचा आवाज थांबला. शेवटचा तुकडा पोचला. ('चालू' दाबायला सांगितलं असतं तर पाणी तेव्हाच थांबलं असतं, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय.)

पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "खडसावल्याशिवाय ऐकायचंच नाही, अशी सवय लावली आहेस तू त्याला!"

भाऊजी इतके हसले की टेबलावर डोकं ठेवलं. मला आधी रडू फुटणार होतं, मग मीही हसले. पण खोलीत आल्यावर विचार करत बसले. मैलोगणती लांब, ओल्या भिंतीवरच्या त्या एवढ्याशा बटणाने झोपेतून उठून उठून नवी भाषा शिकून घेतली. त्याचं नव्या भाषेतलं पहिलं वाक्य, 'थांब.' आणि समोरच्याला ते कळलं. शिकवलं मीच, तरी हे माझं काम आहे असं वाटेना.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

गळतीचे चार थेंब, आकडा शंभर, व्हॉल्व्ह बंद. टब कोरडा. निळ्यांकडेही तसंच. मामांनी मुद्दाम पाय वर घेऊन दाखवले, सगळे हसले.

आज आमचं भांडण झालं. पहिलंच. निरोपाची पोच हवेत हरवली तर व्हॉल्व्हने ती परत पाठवावी, हे दोघांनाही मान्य. मी म्हटलं, लगेच पाठवावी, ताबडतोब, जितकी लवकर तितकं चांगलं. भाऊजी म्हणाले, "नाही."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"नाही, वहिनी. उद्या सगळं सभागृह एकदम चालू असणार. सगळेच लगेच लगेच ओरडले तर कोणाचंच कोणाला ऐकू जाणार नाही. प्रत्येकाने थोडं थांबावं, आणि तेही सारखंच नाही, कोणी कमी, कोणी जास्त. मगच मधे फट सापडते."

"आणि तेवढ्यात पाणी वाहिलं तर?"

"पाणी आधीच बंद झालेलं असेल. पोचच राहिलीय फक्त. आणि सेन्सरने पुन्हा 'शंभर' सांगितलं तरी बिघडतं काय? बंद नळ दहादा बंद केला तरी बंदच. म्हणूनच तर आकडा पाठवतात, नुसतं 'उलट कर' नाही सांगत. तुम्हीच वाचा ते प्रकरण. मी सांगणार नाही. मी वेगळं वाचलंय, तुम्ही वेगळं वाचा."

मी तणतणत जाऊन वाचलं. दोनदा वाचलं. त्यांचंच बरोबर होतं. राग येऊन गेल्यावर मोकळं वाटलं, का ते सांगता येत नाही.

पण मनात एक काटा राहिला आहे. दुपारी पाणी प्यायला गेले तेव्हा गळतीवाली भाऊजींना विचारत होती, "मग कधी येताय आमच्याकडे?" भाऊजी म्हणाले, "वहिनींना विचारावं लागेल." म्हणजे नोकरी. चांगली माणसं लोक अशीच उचलतात. आज त्यांनी शर्टालाही इस्त्री केली होती, मुलाखतच झाली असणार. मामा तर त्यांच्या घरच्या माणसांची चौकशी करत होते, म्हणे. आजकाल नोकरीलाही घराणं बघतात का?

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

जेवायच्या आधीच लिहायला बसलेय, घाईत. अक्षर वेडंवाकडं येणार.

शेवटची चाचणी अशी होती. सभागृहातलं प्रत्येक यंत्र चालू. गळतीवालीचा सेन्सर एका टोकाला, आमचा व्हॉल्व्ह पार दुसऱ्या टोकाला. सेन्सरचा आवाज तिथवर पोचणं शक्यच नाही. मधे सगळे परके, त्यांतले निम्मे एकमेकांचे धंद्यातले वैरी.

पहिला थेंब. पडद्यावर ठिपका निघाला. सेन्सरपासून पंख्यावर, पंख्यावरून निळ्यांच्या दिव्यावर, तिथून एका कुलपावर, मग आमच्यापर्यंत. पाणी थांबलं. डोळ्यांना तो ठिपका पुरता बघताही आला नाही. निळ्यांच्या दिव्याला त्या निरोपातलं अक्षर कळलं नव्हतं. निरोप बंद पाकिटात असतो, किल्ली फक्त सेन्सरकडे आणि व्हॉल्व्हकडे. त्याने नुसतं वर लिहिलेलं नाव पाहिलं आणि पाकीट पुढे दिलं.

मग पंचबाई टेबलांमधून चालायला लागल्या आणि हाताला येईल त्याची पिन उपसायला लागल्या. पंखा गेला. दिवा विझला. दुसरा थेंब. ठिपका क्षणभर जागीच अडखळला. मग एका पडद्याच्या यंत्रावरून, खिडकीच्या कडेकडेने, लांबच्या वाटेने आला. पाणी थांबलं. पंचबाईंनी ती वाटही तोडली. आणखी पिना काढल्या. सभागृहात अंधार दाटत चालला, तोंड उघडायला बंदी, कोणाचीही नजर पडद्यावरून हलत नव्हती. निळी मुलं आपली कंपनी विसरून मुठी आवळून उभी होती. तिसरा थेंब. ठिपका निघाला, परत फिरला, दुसरीकडून निघाला, परत फिरला. मी पुटपुटत होते, ये रे, ये. आणि मग तो कोपऱ्यातल्या एका टेबललॅम्पवरून, एका खेळण्याएवढ्या थर्मामीटरच्या खोक्यावरून, माझ्या मागच्या भिंतीवरच्या घंटेवरून आला. व्हॉल्व्हची मोटर त्या शांततेत खणखणीत वाजली. पाणी थांबलं.

त्याला वाट कोणीच सांगितली नव्हती. पंचबाईंनी नाही, मी नाही, त्या चारशे पानांतही ती वाट लिहिलेली नाही. तिथे एवढंच लिहिलंय की प्रत्येकाने आपला शेजारी ओळखून असावा आणि दुसऱ्याचा निरोप न फोडता पुढे द्यावा. एवढ्यावर सगळं चालतं. मी देवळातही कधी इतकी गप्प उभी राहिले नाही.

शिक्का मिळाला. नवऱ्याला फोन केला. त्याने आधी लेथ बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "आईला सांगतो."

गुरुवार, २१ नोव्हेंबर

इमारतींचं काम सुरू. चौदा मजले, घरटी एक व्हॉल्व्ह. व्यवस्थापकांनी घराघरांतले दिवे, सेन्सर आणि आमचे व्हॉल्व्ह मिळून सबंध इमारतीचं एकच जाळं केलंय.

भाऊजींना आडून आडून विचारलं, कुठे जायचा विचार आहे का. लाल होऊन म्हणाले, "अजून नाही." दर आठवड्याला मात्र गळतीवालीकडे जातात, बॅटरीची काही तक्रार आहे म्हणून. इतकी तक्रारीची बॅटरी असेल तर मामांनी ती बदलावी, असं माझं मत. सासूबाई मला बघून हसतात आणि काही सांगत नाहीत.

सोमवार, १३ जानेवारी

नव्या इमारतीतून पहिली तक्रार आली. आठव्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या काकू. लेकीकडे चार दिवस राहून आज परतल्या आणि फोनवर कडाडल्या, "नळाला थेंब नाही! तुमचं खेळणं काढून न्या!"

तिघेही गेलो. नवरा ओट्याखाली वाकला, कपाट उघडलं आणि शिट्टी वाजवली. पाइप उभा फाटला होता. त्याखाली तळहाताएवढं ओलं, कडेने वाळलेलं. बास. भिंत कोरडी, लाकूड कोरडं, खालच्या घराचं छत कोरडं.

भाऊजींनी नोंद काढली. काकू गेल्या त्याच दुपारची. सेन्सरने शंभर सांगितलं होतं, जिन्यालगतच्या आमच्या व्हॉल्व्हने पोच दिली होती. घरात कोणी नव्हतं. आम्हालाही कळलं नाही. इमारत आपली रोजच्यासारखी जेवत-झोपत होती.

नवऱ्याने पाइप बदलला, भाऊजींनी शून्य पाठवलं, नळ फुरफुरून वाहायला लागला. काकूंनी पाणी बंद केलं, परत सोडलं, परत बंद केलं.

"पण तेव्हा बंद केलं कोणी?" त्यांनी विचारलं.

मी नकाशा दाखवला. स्टीलच्या सिंकखालून सेन्सरचा आवाज त्यांच्या स्वतःच्या दिव्यांपर्यंतही जात नव्हता. तो फक्त भिंतीपलीकडे ऐकू गेला होता, शेजारच्या स्वयंपाकघरातल्या दिव्याला. तिथून जिन्यातल्या दिव्याला, तिथून व्हॉल्व्हला.

काकूंनी नकाशावर बोट ठेवलं. "त्या बाईचा दिवा?" म्हणाल्या. "कपडे वाळत घालण्यावरून झालं होतं आमचं. सहा वर्षं शब्द नाही." मग हळूच, "तिला कळलं का हे?"

"दिव्यालाही कळलं नाही, काकू. निरोप बंद पाकिटात असतो."

"मग राहू दे," त्या म्हणाल्या आणि ओटा पुसायला लागल्या. कोरडाच होता.

बाहेर पडलो तर शेजारच्या बाई दार अर्धं उघडून उभ्या. "काय झालं तिच्याकडे? म्हणजे मला काय करायचंय. पण चार दिवस भांड्यांचा आवाज नव्हता."

"काही नाही, नळ बिघडला होता," भाऊजी म्हणाले.

"तुमचा ओट्यावरचा दिवा तेवढा भिंतीवरच्या बटणाने बंद करू नका हं," मी म्हटलं. वीजच तोडली तर तो निरोप पुढे देणार कसा?

"तो मी विझवतच नाही," त्या फणकारल्या. "तिच्या खिडकीत उजेड पडतो, ते तिला आवडत नाही." आणि दार लावून घेतलं.

खाली आल्यावर भाऊजींनी सगळ्या इमारतीचा नकाशा उघडला. कोणतं यंत्र कोणाला किती नीट ऐकू येतं, ते त्यात रेघांनी दाखवतात. बारीक रेघ म्हणजे कसंबसं, जाड रेघ म्हणजे स्वच्छ. चौदा मजले, शेकडो रेघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. आम्ही तिघं पायरीवर डोक्याला डोकं लावून बघत बसलो. सबंध इमारतीत सगळ्यात जाड रेघ त्या दोन ओट्यांमधली होती.